माइजिशान की युनगांग?

चीनमधल्या या दोन बौद्ध लेण्यांपैकी कुठली बघायची? गान्सू प्रांतातल्या तियानशुई शहराजवळचा माइजिशान म्हणजे १४२ मीटर उंच कडा. खडक गोट्यांचा, ठिसूळ. त्यात बारीक कोरीव काम टिकतच नाही. म्हणून लाकडी सांगाड्यावर माती लिंपून मूर्ती घडवल्या. इ.स. ७३४च्या भूकंपात मधला भाग ढासळला, तेव्हापासून पूर्व आणि पश्चिम असे दोन कडे झाले. लेणी बघायची ती भिंतीला लटकलेल्या अरुंद जिन्यांवरून, बरीचशी जाळीआडून. उंचीची भीती असेल तर नादच सोडा. काही बंद लेण्यांना वेगळं तिकीट पडतं. पायथ्याशी रुईयिंग मंदिर आहे.

शान्शी प्रांतातल्या दातोंग शहरापासून १६ किलोमीटरवरचं युनगांग मात्र सपाटीवरून आरामात पाहता येतं. वालुकाश्मात कोरलेल्या ५१,००० मूर्ती. पाझरणारं पाणी आणि क्षार त्यांचे पापुद्रे काढतात. विसाव्या लेण्याची पुढची भिंतच पडली, त्यामुळे महाबुद्ध उघड्यावर. भव्यता हवी तर युनगांग. चेहऱ्यांवरचे भाव बघायचे तर आमचं मत माइजिशानला.