आउटबोर्ड तापतंय: आधी खालचा पंप उघडायचा की वरचा थर्मोस्टॅट?

जुनं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, तापायला लागलं की सल्ला देणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, पाण्याच्या पंपातलं पाकळ्यांचं रबरी चाक, म्हणजे इंपेलर, नवं टाक, बाकी काही बघूच नकोस. दुसरा म्हणतो, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) काढून फेकून दे, इंजिन आपोआप गार राहील. पहिला बऱ्याचदा बरोबर निघतो, दुसरा क्वचित. पण इंजिन नेमकं कधी तापतंय, हे दोघंही विचारत नाहीत. आणि कुठला पान्हा आधी हातात घ्यायचा, ते त्या उत्तरावरच ठरतं.

आउटबोर्डला रेडिएटर नसतो. खाली गिअरकेसच्या (प्रोपेलर आणि गिअर असलेल्या खालच्या भागाच्या) कडेला असलेल्या जाळीतून बाहेरचंच पाणी आत येतं. ड्राइव्हशाफ्टवर (इंजिनाची ताकद खाली नेणाऱ्या दांड्यावर) बसवलेला रबरी इंपेलर ते उचलतो, नळीतून वर ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यात) आणि हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणात) फिरवतो आणि मग ते पाणी एक्झॉस्टबरोबर बाहेर पडतं. वाटेत थर्मोस्टॅट असतो. मोठ्या इंजिनांत शिवाय एक स्प्रिंगवाला प्रेशर व्हॉल्व्ह असतो. रेस वाढली, पाण्याचा दाब वाढला, की तो उघडतो आणि पाण्याला जादा वाट देतो.

या व्हॉल्व्हमुळेच निदान फसतं. इंजिन आयडलिंगला तापतं आणि वेगात गार होतं, तेव्हा लोक लगेच इंपेलरवर ठपका ठेवतात. त्यात तथ्य आहे. हळू फिरताना इंपेलरच्या पाकळ्या पंपाच्या घराच्या भिंतीला चिकटून पाणी ढकलतात. वेगात त्या भिंतीपासून सुटतात आणि पाणी नुसतं फेकलं जातं. त्यामुळे झिजलेल्या किंवा वाकून बसलेल्या पाकळ्यांचं दुखणं आधी कमी वेगात दिसतं. पण बंद अडकलेला थर्मोस्टॅटही अगदी हेच लक्षण दाखवतो, कारण रेस दिल्यावर प्रेशर व्हॉल्व्ह उघडून त्याचं पाप झाकतो. दोघांतला फरक कळतो इंजिनाच्या कडेच्या भोकातून पडणाऱ्या पाण्याच्या धारेवरून. आयडलिंगला धार मरगळलेली असेल तर संशय खाली, पंपावर. धार जोरात आहे आणि हेडला हात लावता येत नाही, तर वर बघा. पुष्कळ इंजिनांत ही धार थर्मोस्टॅटच्या आधीच फुटते, म्हणजे पंप पाणी देतोय एवढीच ती ग्वाही देते. ब्लॉक गार आहे असं ती सांगत नाही.

धार अजिबात नसेल तर काहीही उघडण्याआधी त्या भोकात मासेमारीची नायलॉनची दोरी सारून बघा. मातीचं घर बांधणारे किडे या जागेवर फार खूष असतात.

उलट, इंजिन फक्त भरवेगात तापत असेल तर प्रकरण वेगळं. जाळीवर शेवाळ, कालवं, प्लॅस्टिकची पिशवी, यांतलं काहीतरी असू शकतं. इंजिन ट्रान्समवर (होडीच्या मागच्या फळीवर) जास्त उंच बसवलं असेल किंवा फार ट्रिम केलं, म्हणजे मागे तिरकं केलं असेल तर जाळी पाण्याऐवजी हवा ओढते. प्रोपेलरच्या वरची आडवी पट्टी साधारण होडीच्या तळाच्या रेषेत असावी लागते. हे बघायला काही उघडावं लागत नाही, म्हणून हे पहिलं. एवढं करूनही तापत असेल तर प्रेशर व्हॉल्व्ह बंद अडकलाय, पाण्याच्या वाटा क्षारांनी अरुंद झाल्यात किंवा पंप मोठ्या मागणीला पुरा पडत नाही.

धारेहून भरवशाचं साधन म्हणजे इन्फ्रारेड थर्मामीटर. जुन्या आउटबोर्डांचे थर्मोस्टॅट साधारण 50 ते 62 अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडतात, तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. निरोगी इंजिनाचं हेड त्या आकड्याच्या आसपास घुटमळतं. चकचकीत उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर ही बंदूक खोटं बोलते, म्हणून रंग असलेल्या जागीच नेम धरा, नाहीतर काळ्या मार्करने एक ठिपका काढून घ्या. प्रत्येक प्लगच्या शेजारी वाचन घ्या. सगळीकडे सारखंच तापलंय आणि धारही मरगळलेली आहे, तर पाणीच कमी येतंय, खाली जा. V आकाराच्या इंजिनाची एकच बाजू तापलीय, किंवा वरचा सिलिंडर तापलाय आणि खालचा गार आहे, तर पाणी येतंय पण वाटेत अडतंय, वर जा. आणि हेड 60 अंशांवर असताना बझर कोकलत असेल तर टेंपरेचर स्विचची वायर काढून बघा. काही टू-स्ट्रोकमध्ये तोच बझर ऑइल कमी झाल्याचंही सांगतो, आणि त्या भानगडीत बिचाऱ्या इंपेलरचा नाहक बळी जातो.

आता दोन्ही कामांची तुलना. कागदावर वरचं काम सोपं दिसतं: दोन-चार बोल्ट, एक झाकण, आत थर्मोस्टॅट. खालच्या कामात पूर्ण गिअरकेस उतरवायचा, गिअरची सळई सोडवायची, परत बसवताना सगळं जुळवायचं. नवशिक्याला साहजिकच वरचं काम खुणावतं. खाऱ्या पाण्यात आयुष्य काढलेल्या इंजिनाच्या बाबतीत माझं मत नेमकं उलटं आहे. झाकणाचे बोल्ट स्टीलचे, घर अ‍ॅल्युमिनियमचं, मध्ये वर्षानुवर्षांचं मीठ. जोर लावला की बोल्टची मान तुटून हातात येते आणि बुंधा आत राहतो. मग ड्रिल, नवे आटे आणि वाया गेलेली सुट्टी. गिअरकेसचं काम वजनदार आहे, पण आडात पडल्यासारखी अवस्था त्यात कमी वेळा होते. अपवाद एकच: ड्राइव्हशाफ्टचं वरचं टोक क्रँकशाफ्टमध्ये गंजून बसलं असेल तर गिअरकेस खाली यायचं नाव घेत नाही.

इंपेलर बदलताना नुसतं रबर बदलू नका, पूर्ण पंप किट घ्या. ज्या स्टीलच्या कपात इंपेलर फिरतो त्यात आणि खालच्या पट्टीत नखाला लागतील असे ओरखडे असतील, तर नवा इंपेलरही जुन्यासारखाच दुबळा. जुन्याच्या पाकळ्या मोजा. एखादी कमी भरली तर ती गेलेली नसते, नळीत किंवा ब्लॉकच्या तोंडाशी अडकून बसलेली असते. ती काढल्याशिवाय नव्या पंपाचा उपयोग नाही. पाण्याच्या नळीचं वरचं रबर आधीच्या तापण्यात वितळलेलं सापडतं, तेही बघून घ्या. बसवताना शाफ्ट त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवत, पाकळ्या सगळ्या एकाच बाजूला मागे झुकतील असा कप खाली आणा. ड्राइव्हशाफ्टच्या दातांना ग्रीस लावा, पण टोकाच्या सपाट भागावर नको. तिथे ग्रीसचा गोळा साचला की शाफ्ट पूर्ण बसत नाही.

वर जायचंच असेल तर आदल्या दिवसापासून बोल्टांना गंज सोडवणारं तेल द्या. हातोडीने हलके टोले द्या, घराला उष्णता द्या (तेल आणि पेट्रोल पुसून काढल्यावरच), आणि सोडवण्याआधी बोल्ट किंचित आवळून बघा. तो हलला की अर्धी लढाई जिंकलीत. थर्मोस्टॅट तपासायची युक्ती जुनी आणि पक्की आहे. त्याच्या झडपेत जाड दोरा चिमटवा, दोऱ्याला धरून त्याला पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवा, शेजारी थर्मामीटर. पाणी तापत गेलं की झडप उघडते आणि थर्मोस्टॅट दोऱ्यावरून टुपकन तळाशी पडतो. त्या क्षणाचा आकडा वाचायचा. उकळी आली तरी लोंबकळतोच आहे, तर गुन्हेगार सापडला.

थर्मोस्टॅटशिवाय चालवायचा सल्ला मात्र घेऊ नका. थंड चालणाऱ्या टू-स्ट्रोकचे प्लग काळे पडतात, फोर-स्ट्रोकच्या ऑइलमध्ये पेट्रोल मिसळत जातं. शिवाय तापण्याचं खरं कारण झाकलं जातं आणि ते भरवेगात, किनाऱ्यापासून लांब असताना उघडं पडतं.

पंप नवा, थर्मोस्टॅट ठीक, तरी हेड हळूहळू चढतं? मग क्षार. यावर दोन वाटा आहेत: व्हिनेगर किंवा क्षार काढायचं द्रावण आत फिरवायचं, नाहीतर हेड उघडून हाताने खरवडायचं. द्रावण स्वस्त, पण ते चुन्यासारखा थर खातं. वाळू आणि चिखलाचं त्याच्याने काही होत नाही. आम्ल अ‍ॅल्युमिनियमलाही खातं, म्हणून थर्मोस्टॅट काढून, सांगितलेल्या वेळेपुरतंच, आणि नंतर भरपूर गोडं पाणी. पाणी कुठूनच पार जात नसेल तर द्रावणही तिथवर पोचत नाही, हे उघड आहे. अशा वेळी हेड उघडणंच प्रामाणिक.

हेड उघडण्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. सिलिंडरांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांपलीकडे फरक असेल, एखादा प्लग गंजलेला किंवा पिस्टनचा माथा धुतल्यासारखा स्वच्छ दिसत असेल, तर हेडचं पॅकिंग गेलेलं असू शकतं. एखाद्याच सिलिंडरचा पिस्टन भाजलाय आणि पाणी व्यवस्थित आहे, तर कार्बुरेटरचा जेट तुंबलाय का ते बघा. त्या सिलिंडरला पेट्रोल कमी, म्हणजे टू-स्ट्रोकमध्ये ऑइलही कमी. आणि त्याची खबर बझरला लागतच नाही.

उरला प्रश्न इंजिन ठेवायचं की काढायचं. कॉम्प्रेशन सारखं आणि चांगलं असेल तर पंप, थर्मोस्टॅट, पॅकिंग एवढा खर्च कुठल्याही जुन्या इंजिनावर करावा. सिलिंडरवर ओरखडे असतील तर पैसे थांबवा. जॉन्सन-एव्हिनरूड या ब्रँडची आउटबोर्ड असलेल्यांनी आणखी एक हिशेब करावा: त्यांची मूळ कंपनी ओएमसी 2000 साली दिवाळखोरीत गेली आणि एव्हिनरूडचं उत्पादन 2020 मध्ये बंद झालं. पंपाचे किट आजही इतर उत्पादकांकडून मिळतात. ब्लॉक आणि हेड मात्र जुन्या इंजिनांतूनच शोधावे लागतात.

काहीही दुरुस्त केलं तरी अंतिम चाचणी पाण्यातच. पाणी आत येण्याच्या जाळीवर बसणाऱ्या पाइपच्या कानपट्ट्या लावून जमिनीवर चालवलं की नळाचा दाब पंपाला मदत करतो आणि दुबळा पंपही पास होतो. होडी पाण्यात, इंजिन आयडलिंगला गरम होऊ द्या, वाचन घ्या. मग थोडा वेळ भरवेग, आणि लगेच परत आयडलिंग. या तिसऱ्या टप्प्यात पहिली काही मिनिटं आकडा थोडा चढून खाली आला तर ठीक, चढतच राहिला तर इंजिन बंद करा. त्याच्यावर गार पाणी ओतू नका.