डेशियाच्या मोहिमेतील रोमन सैनिक, ७५ मि.मी. रेझिन: मूर्ती घ्यावी, रंगपत्रक बाजूला ठेवावे

सम्राट ट्रेजनच्या डेशिया (साधारण आजचा रुमानिया) मोहिमांमधील (इ.स. १०१ ते १०६) रोमन पायदळ सैनिकाची, सुटे भाग जोडून रंगवायची ही रेझिनची (कृत्रिम राळेची) मूर्ती एका छोट्या युरोपीय उत्पादकाची असून, टपालखर्च आणि आयात शुल्क धरता ती मुळीच स्वस्त पडत नाही. तरीही शिल्पकाराने केलेल्या अभ्यासासाठी ती घ्यावी, असे माझे मत आहे.

रोमन सैनिक म्हटला की पोलादी पट्ट्यांचे चिलखत, ही समजूत मुख्यतः या युद्धांची दृश्ये कोरलेल्या रोममधील ट्रेजनच्या स्तंभावरून रूढ झाली. आजच्या रुमानियातील अदामक्लिसी येथे याच युद्धांच्या स्मरणार्थ इ.स. १०९ मध्ये उभारलेल्या स्मारकावरील सैनिक मात्र निराळे दिसतात: अंगात कड्यांचे किंवा खवल्यांचे चिलखत, नडगीवर धातूचे कवच आणि तलवारीच्या हातावर एकावर एक चढवलेल्या पट्ट्यांचे बाहुत्राण. डेशियन योद्ध्यांच्या फाल्क्स या आतून धार असलेल्या वाकड्या शस्त्राचा घाव ढाल चुकवून हातावर किंवा डोक्यावर बसत असे, म्हणून ही जादा तजवीज केली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. शिल्पकाराने आधार घेतला आहे तो याच स्मारकाचा. बाहुत्राणावरचे रिव्हेट इतके स्वच्छ उतरले आहेत की, गडद तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) वाळल्यावर शून्य नंबरच्या ब्रशने ते एकेक करून उजळता येतात.

जोडणीबद्दल फारशी तक्रार नाही. भाला थोडा वाकलेला आला, पण गरम पाण्यात धरताच सरळ झाला.

खरी निराशा सोबतच्या रंगपत्रकाने, म्हणजे कुठे कोणता रंग द्यावा हे सांगणाऱ्या कागदाने, केली. त्यात सुचवलेली ढालीवरील नक्षी, म्हणजे लाल पृष्ठभागावरील गरुड, पंखधारी विजयदेवता आणि सिंह, ही सीरियातील ड्यूरा-युरोपोस येथे सापडलेल्या आणि आता येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात असलेल्या ढालीवरून जशीच्या तशी उचललेली आहे. पण ती ढाल तिसऱ्या शतकाच्या मध्याची, म्हणजे या मोहिमांनंतर सुमारे दीडशे वर्षांची आहे. पत्रकात याचा साधा उल्लेखही नाही. अंगरख्याला सांगितलेला झगझगीत तांबडा रंगही तितकाच बिनबुडाचा वाटतो. सैनिकांचे अंगरखे पांढरे की तांबडे हा वाद जुना आहे, आणि तांबडे धरले तरी मंजिष्ठेच्या कुळातील वनस्पतीच्या मुळांपासून काढलेला तो रंग उन्हापावसात विटकरीकडे झुकणारच. मी न रंगवलेल्या लोकरीचा मळकट पांढरा निवडला आणि ढालीवर डेकलऐवजी (चिकटवायच्या छापील नक्षीऐवजी) ट्रेजनच्या स्तंभावर दिसणारे पंख आणि वज्र हाताने काढले.

नवशिक्याने मात्र आधी एखाद्या प्लास्टिकच्या मूर्तीवर हात बसवून घ्यावा, कारण इथली चिलखताची कडी फार उथळ कोरलेली असून प्रायमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) थर किंचित जाड झाला तरी ती बुजतात.