आजार उलटला तेव्हा कामी आलेलं क्लिनिक

नैराश्यातून मी पहिल्यांदा बरी झाले आणि डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या, तेव्हा इथल्या समुपदेशक बाईंनी माझ्याकडून एक कागद लिहून घेतला. माझं बिनसायला लागतं तेव्हा सगळ्यात आधी काय होतं? मी लिहिलं: पहाटे चारला जाग येते, मग डोळा लागत नाही. ताईचा फोन वाजत राहतो, घ्यावासा वाटत नाही. केस विंचरायचाही कंटाळा येतो. खाली त्यांनी एक ओळ घालायला लावली: यातलं काहीही दोन आठवडे टिकलं तर अपॉइंटमेंट घ्यायची. मी या क्लिनिकला भरभरून गुण देतेय ते मुख्यतः या कागदासाठी.

कारण यंदा तेच सगळं सुरू झालं, तेव्हा कामाचा ताण, हवा, वय अशी कारणं माझ्या तोंडावर तयारच होती. ताईने कागद पुढे ठेवला. मी फोन लावला.

डॉक्टर जुनी फाइल उघडूनच बसले होते, त्यामुळे सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागली नाही. तशा अवस्थेत हे किती मोठं असतं, ते त्यातून गेलेल्यालाच कळेल. झोपेबद्दल खोदून खोदून विचारलं. मग नैराश्य किती आहे ते मोजणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली: ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. माझे १३ आले, म्हणजे मध्यम. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. तो त्यांनी सरळ, नजर न चुकवता विचारला आणि मी बोलेपर्यंत थांबले. थायरॉइडची रक्ततपासणीही सांगितली, कारण थायरॉइड कमी पडलं तरी अशीच मरगळ येते.

गेल्या वेळी लागू पडलेलीच गोळी कमी डोसने पुन्हा सुरू झाली. मळमळ आधी होईल, बरं वाटायला काही आठवडे जातील, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं म्हणून मी ती मध्येच सोडली नाही. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने, आणि आजार उलटलाय म्हणून बहुधा त्याहून जास्त काळ ती चालू ठेवायची आहे.

खटकलं ते रिसेप्शन. भरल्या वेटिंग रूममध्ये 'काय त्रास होतोय?' असं मोठ्याने विचारतात. हे थांबलंच पाहिजे; एखादा घाबरलेला माणूस तिथूनच परत जाईल. मी डॉक्टरांच्या कानावर घातलंय.

अपॉइंटमेंट लांबची देत असतील तर 'आधी इथेच उपचार झालेत, लक्षणं परत आलीत' असं फोनवर स्पष्ट सांगा, मला त्यामुळे लवकरची वेळ मिळाली. आणि जीव नकोसा वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन थेट जवळच्या हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग गाठा.