जुन्या जीप पिकअपचा मागचा रेशो: आठ महिन्यांच्या वापरानंतर खडूच सरस

विलीज किंवा त्या धाटणीच्या जुन्या जीप पिकअपचा मागचा रेशो (मागची चाकं एकदा फिरताना ॲक्सलकडे येणारा प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा) विचारला, की नागपुरातले बरेच मिस्त्री गाडीकडे न बघताच सांगतात, "पाच-अडतीसच असते ना भाऊ!" बरेचदा हे 5.38 खरंही निघतं. पण या गाड्यांचे ॲक्सल इतक्या वर्षांत इतक्यांदा इकडचे तिकडे झालेत, की अंदाजावर क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधली मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकाची जोडी) मागवणं म्हणजे पैसे पाण्यात. ओळखायच्या तीन पद्धती आठ महिने आलटून पालटून वापरल्यावरचं हे मत.

पहिली म्हणजे पत्र्याची चिठ्ठी. ॲक्सलच्या मागच्या झाकणाच्या एका बोल्टखाली ती अडकवलेली असते आणि तिच्यावर दातांचे आकडे ठोकलेले असतात: 43 आणि 8 म्हणजे 5.38, 39 आणि 8 म्हणजे 4.88, 47 आणि 11 म्हणजे 4.27. मिळाली तर छानच, पण ती गाडीच्या जन्माची खूण आहे, आजची नव्हे. आतला सेट बदलून जुनीच चिठ्ठी परत लावलेली असू शकते. चिठ्ठीला दहापैकी चार.

दुसरी खडूची. खर्च शून्य आणि भरवसा सगळ्यात जास्त. गाडी सपाट जागी घ्या, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर केसही (पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे ताकद वाटणारी पेटी) न्यूट्रल. मागचं एकच चाक जॅकने उचलून ॲक्सलखाली घोडी (स्टँड) लावा. मे महिन्यात हे डांबरावर करू नका. दुपारी डांबर मऊ पडतं आणि जॅक हळूहळू रुततो; खाली जाड फळी हवीच.

इथे बरेच जण हमखास अडकतात ते हॅंडब्रेकमुळे. या जीपगाड्यांत तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर, म्हणजे थेट प्रोपेलर शाफ्टवर लागतो. ओढलेला राहिला तर चाक जागचं हलत नाही, आणि मग डिफरन्शियल (दोन्ही मागच्या चाकांत फिरणं वाटणारा ॲक्सलमधला गिअर-संच) जाम आहे असा भलताच निष्कर्ष निघतो. म्हणून तो सोडायचा आणि सगळी भिस्त दगडांवर ठेवायची.

टायरवर एक रेघ, शाफ्टवर एक रेघ. एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजायचे. दुसरं चाक जमिनीवर स्थिर असल्याने उचललेल्या चाकाचे दोन फेरे झाले की क्राऊनचा एक होतो. पण दोन फेऱ्यांवर थांबू नका. शाफ्टच्या क्रॉसमधला (सांध्यातला) आणि दातांमधला ढिलेपणा तेवढ्यात मोजणी बिघडवतो. आधी ढील एका दिशेने काढून घ्या, मग त्याच दिशेने सलग 20 फेरे द्या. मध्ये उलटं फिरवलं की पुन्हा पहिल्यापासून. शाफ्टचे पावणेचोपन्न फेरे झाले तर 5.38, पावणेएकोणपन्नास झाले तर 4.88, पावणेत्रेचाळीसच्या किंचित आत थांबला तर 4.27. जेमतेम एक्केचाळीस आले तर 45 आणि 11 चा, म्हणजे 4.09. दोन फेऱ्यांत 4.27 आणि 4.09 मधला फरक डोळ्याला कळत नाही, वीस फेऱ्यांत जवळपास दोन फेऱ्यांचा पडतो. लिमिटेड स्लिप (दोन चाकांना सहज वेगवेगळं फिरू न देणारा डिफरन्शियल) असेल तर एक चाक जमिनीवर असताना दुसरं फिरत नाही. मग दोन्ही उचला. चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट जितका फिरेल तोच रेशो. दहापैकी नऊ. एक गुण कापला तो केवळ पाठीसाठी.

तिसरा लेझर टॅकोमीटर, म्हणजे मिनिटाचे फेरे मोजणारं यंत्र. या कामासाठी घेऊ नका. हाताने फिरवलेल्या चाकाचा वेग एकसारखा राहत नाही, त्यामुळे आकडे नाचतात. आणि इंजिन सुरू करून उचललेल्या चाकाखाली शिरणं हा निव्वळ वेडेपणा.

शंका उरलीच तर झाकण उघडा. डॅना 44 या जातीच्या ॲक्सलला दहा बोल्ट असतात. क्राऊनच्या कडेवर दातांचे आकडे कोरलेले दिसतात; तेल पुसून टॉर्च तिरपा धरला की उठून येतात. परत भरताना 90 नंबरचं हायपॉइड गिअर ऑइल साधारण सव्वा लिटर लागतं, फिलर प्लगच्या तोंडाशी येईपर्यंत.

आता कोणता रेशो ठेवावा? ताशी 60 म्हणजे मिनिटाला 1000 मीटर. चाकाचा एक फेरा जमिनीवर टेपने मोजून 2.25 मीटर भरला, तर टॉप गिअरला 5.38 वर इंजिन सुमारे 2390 आरपीएमवर असतं, 4.88 वर 2170, 4.27 वर 1900. वर्धा रोडसारख्या सपाट रस्त्यावर 4.88 ने आवाज नक्की कमी होतो, आणि माल भरल्यावरही पहिल्या गिअरला क्लच जाळावा लागत नाही. 4.27 रिकाम्या गाडीला गोड, भरलेल्या गाडीला जड. डॅना 44 मध्ये 3.92 पासून वरचे सगळे रेशो एकाच डिफरन्शियल केसवर (क्राऊन ज्यावर बोल्टने बसतो त्यावर) बसतात, त्यामुळे या तिघांत अदलाबदल करताना केस बदलावी लागत नाही. क्राऊन-पिनियन मात्र जोडीनेच घ्या. वेगळ्या जोडीतले दात घरघरतात आणि लवकर झिजतात.

फोर-व्हील असेल तर पुढचा ॲक्सलही असाच मोजा, फ्री-व्हील हब (पुढची चाकं ॲक्सलला जोडणारे-सोडणारे हब) लॉक करून. पुढे 5.38, मागे 4.27 असताना कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील टाकलं तर स्टिअरिंग ताठरतं आणि ताण थेट ट्रान्सफर केसवर जातो. स्पीडोमीटरची केबलही तिथूनच निघते, त्यामुळे मागे-पुढे दोन्हीकडे 5.38 काढून 4.27 बसवून केबलचे गिअर तसेच ठेवले, तर काटा 48 दाखवत असताना गाडी 60 ने पळत असते.