मोठा नमुना की तपासलेला प्रश्न: सर्वेक्षणाचा खर्च कुठे करावा?

सर्वेक्षणासाठी निधी मर्यादित असेल, तर तो उत्तरदात्यांची संख्या वाढवण्यावर खर्च करावा की प्रश्नांच्या पूर्वचाचणीवर (म्हणजे प्रश्न आधी मोजक्या लोकांना विचारून तपासण्यावर), हा निर्णय बहुधा पहिल्या पर्यायाच्या बाजूने लागतो, कारण मोठा आकडा अहवालात उठून दिसतो.

नमुना, म्हणजे निवडलेल्या उत्तरदात्यांचा गट, वाढवून काय मिळते, ते आधी पाहू. साध्या यादृच्छिक नमुन्यात (प्रत्येकाच्या निवडीची शक्यता सारखी असते अशा) 1000 उत्तरदाते असतील तर 95 टक्के विश्वासपातळीला, म्हणजे अशा शंभर नमुन्यांपैकी सुमारे 95 मध्ये, त्रुटी (नमुन्यातला आकडा आणि खरा आकडा यांतला फरक) जास्तीत जास्त सुमारे 3 टक्के असते आणि 4000 उत्तरदाते घेतले तर ती सुमारे 1.5 टक्क्यांवर येते. म्हणजे काम चौपट आणि त्रुटी निम्मी. लहान गटांची आपापसांत तुलना करायची असेल, तर हा खर्च टाळता येत नाही. मात्र ही त्रुटी केवळ नमुना निवडण्यातली आहे. प्रश्नच संदिग्ध असेल तर त्यातून येणारी चूक तिच्यात मोजलीच जात नाही.

याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील आहे. 1992 मध्ये रोपर या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने विचारले होते की, नाझींनी केलेला ज्यूंचा संहार कधी झालाच नाही, हे आपल्याला शक्य वाटते की अशक्य. 22 टक्के लोकांनी ‘शक्य’ असे उत्तर दिले आणि मोठी खळबळ उडाली. प्रश्नात नकारावर नकार आल्यामुळे अनेकांचा गोंधळ झाला होता. 1994 मध्ये ‘झालाच नाही हे शक्य वाटते, की तो झाला याची खात्री वाटते’ अशी फोड केल्यावर ते प्रमाण सुमारे 1 टक्क्यावर आले. पहिला प्रश्न लाखभर लोकांना विचारला असता, तर तोच चुकीचा निष्कर्ष अधिक ठामपणे मांडला गेला असता.

पूर्वचाचणीत अशा जागा लवकर सापडतात. ‘आपण नियमित व्यायाम करता का?’ या प्रश्नावर उत्तरदाता ‘चालणे धरायचे का?’ असे विचारतो. एक प्रगणक हो म्हणतो, दुसरा प्रश्न पुन्हा वाचून दाखवतो, आणि तक्त्यात दोघांची उत्तरे एकाच रकान्यात जातात. ‘गेल्या सात दिवसांपैकी किती दिवशी आपण न थांबता किमान 30 मिनिटे चाललात?’ असे विचारले, की प्रगणकावर काही सोडावे लागत नाही. दहा-पंधरा जणांना उत्तर देताना मनात काय आले हे बोलून दाखवायला सांगितले, तरी असे अनेक दोष उघडे पडतात. अर्थात एवढ्या मुलाखतींवरून टक्केवारी मांडता येत नाही, आणि तसा मोह धरूही नये.

माझे मत स्पष्ट आहे: नवी प्रश्नावली असेल तर आधी चाचणी, उरलेल्या पैशांत नमुना. अनेक वर्षे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाची गोष्ट वेगळी. त्याचे शब्द बदलले की जुन्या आकड्यांशी तुलना तुटते. तेथे एका फेरीत निम्म्या उत्तरदात्यांना जुना आणि निम्म्यांना नवा प्रश्न चिठ्ठ्या टाकल्यासारखा वाटून द्यावा लागतो, आणि त्या फेरीपुरता नमुना मोठा घ्यावाच लागतो.