गोव्यातल्या मांद्रे-आश्वेकडची सर्फ स्कूल: खडपावरच्या लाटेसाठी ५ पैकी ४

नाव टाकत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि माणसं चांगली आहेत. आणि नुसतं बोर्डवर उभं राहायचं असेल तर नाव कळून तरी काय फरक पडणार, ते मोरजीपासून हरमलपर्यंत कुठेही शिकवतात, मऊ फोमचा बोर्ड, कमरेएवढं पाणी, खाली वाळू, पडलात तरी फार तर नाकात पाणी जाईल. मी लिहितोय ते ही मंडळी जरा जमायला लागलेल्यांना खडपावर नेतात त्याबद्दल.

खडप म्हणजे डोंगराचं नाक समुद्रात घुसतं तिथला पाण्याखालचा कातळ. बाली-मालदीवसारखं प्रवाळ नाही ते, पण सर्फवाले त्यालाही रीफच म्हणतात आणि वागणं बरंचसं तसंच असतं. वाळूचा तळ दर पावसाळ्यात बदलतो, त्यामुळे बीचवरची लाट आज इथे तर महिन्याने तिथे, पण कातळ हलत नाही, लाट बहुतेक त्याच जागी उठते आणि त्याच बाजूला सरकत फुटत जाते, एकदा जागा कळली की लांबपर्यंत नेते, म्हणून तर सगळे तिथे जायला टपलेले असतात. भानगड अशी की खोल पाण्यातून आलेली लाट अचानक उथळ कातळावर चढते आणि उभी राहून धाडकन कोसळते. ढोबळ हिशोबाने लाट आपल्या उंचीच्या सव्वापट खोलीत फुटते, म्हणजे मीटरभर लाटेखाली जेमतेम छातीपर्यंत पाणी, आणि त्याच्याखाली कातळाला चिकटलेली धारदार कालवं. ज्याने अनवाणी खडपावर कालवं काढलीयेत त्याला सांगायला नको.

म्हणून इथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटी बघून क्लास लागतो आणि मला या स्कूलचं हेच सगळ्यात आवडलं. गोव्यात अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीत साधारण २ मीटरचा फरक पडतो, भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) दिवसांत बराच कमी. म्हणजे सकाळी ज्या खडपावरून मजेत गेलात तोच दुपारी डोकं वर काढून बसलेला असतो. हे लोक पाणी चढतं असतानाच उतरवतात, उतरत्या पाण्यात नवीन माणसाला नाहीच. त्यामुळे टाइम आदल्या संध्याकाळी कळतो, कधी साडेसहा कधी नऊ, आणि त्यावरून त्यांना शिव्या घालणारे रिव्ह्यू मी वाचलेत, पुण्याहून दोन दिवसांची सुट्टी टाकून आलेल्याची चिडचिड समजते पण समुद्र कसा काय टाइमटेबल पाळणार.

आता पीरियडची, म्हणजे दोन लाटांमध्ये किती सेकंद जातात त्याची गोष्ट, कारण लाटांच्या ॲपवर सगळे फक्त उंची बघतात. एका सकाळी उंची मीटरच्या आतबाहेरच होती, आम्ही खुश, बोर्डला वॅक्स लावून तयार, आणि शिकवणारा दादा (तिथल्याच रापणकारांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांच्या घरातला, समुद्र लहानपणापासूनचा) नुसता उभा राहून बघतोय. बराच वेळ काहीच नाही, मग एकामागोमाग चार-पाच दांडग्या लाटा. म्हणाला, "आज ना रे बाबा, पीरियड चौदाचा आहे." दोन लाटांमधलं अंतर ७ सेकंदांचं १४ झालं की उंची तीच असूनही लाटेचा जोर जवळपास दुप्पट होतो, शिवाय मधल्या शांततेत माणूस फसून आत जातो. आम्हाला वाळूवर नेलं आणि फीमधला फरक न मागता परत केला. माझ्या मते चौथा स्टार त्याचाच.

सीझनचं म्हणाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर मस्त, जेलीफिशवर मात्र नजर ठेवा. डिसेंबर ते फेब्रुवारी लाटा बारक्या, पण सकाळी मतलई वारा जमिनीकडून असतो तेव्हा पाणी काचेसारखं गुळगुळीत, शिकायला बेस्ट. मधूनच अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांनी वायव्येकडून लाटा येतात, त्या तेवढ्या खडबडीत. एप्रिल-मे मध्ये दक्षिण हिंदी महासागरातून लांबच्या, मोठ्या पीरियडच्या लाटा येतात, खडपाचा खरा जोर तेव्हा, फक्त अकरा-बारानंतर खारे वारे सुटले की सगळा विचका, सकाळीच आटपा. या दिवसांत हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-संस्थेचा उंच लाटांचा इशारा असेल तर ॲप काही का दाखवेना, घरी बसा. जून ते सप्टेंबर विषयच नाही, लाल बावटे लागतात, स्कूलपण बंद.

पाण्यात जायच्या आधी वाळूवर जे समजावतात ते नीट ऐका. पडताना आडवं, पसरट पडायचं, सूर मारायचा नाही, पाय खाली टेकवायचे नाहीत, वर येताना हात डोक्यावर. आत जायचं ते खडपाच्या बाजूच्या खोल पाण्यातून, तिथे ओढ बाहेरच्या दिशेला असते तीच वापरायची, आणि तीच ओढ नको तेव्हा लागली तर बोर्ड न सोडता आडवं कापत निघायचं, तिच्याशी कुस्ती खेळायची नाही. रापण लागलेली असली की त्या बाजूला जायचंच नाही, हे तर दादा दरडावूनच सांगतो.

तक्रारी. हेल्मेट एकाच साइझचं, माझ्या डोक्यावर डुगडुगत होतं. रबरी बूट भाड्याने, वेगळे पैसे, खडपावर नेताय तर ते फीमध्येच पाहिजेत ना राव. एका बोर्डचा लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) इतका झिजलेला की मी मागून बदलून घेतला, तुम्हीपण ओढून बघा. आणि फर्स्ट एडच्या डब्यात कापूस आणि अर्धी बाटली डेटॉल, बस. कालवाची जखम पिकते, आत कपचे राहतात, स्वच्छ पाण्याने धुवून म्हापशाला आझिलोत (तिथलं जिल्हा इस्पितळ) किंवा जवळच्या डॉक्टरकडे दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवून ठेवा. दृष्टी कंपनीचे लाइफगार्ड बीचवर असतात पण खडपाच्या टोकापर्यंत त्यांना यायला वेळ लागणारच, तेव्हा एका शिक्षकामागे दोनपेक्षा जास्त माणसं असतील तर मी तरी उतरणार नाही, वीकेंडला विचारून घ्या.

बुकिंग व्हॉट्सॲपवर होतं, खडपावर जायचंय म्हणून आधीच लिहा, एकदा वाळूवर तुमची परीक्षा घेतल्याशिवाय नेत नाहीत. गाडी रस्त्यालाच लावा, आतली वाट वाळूची आहे, चाक रुततं.