माय, ताई आणि हॉटेलातला पाऊस : सॅन फ्रान्सिस्कोतले दोन टिकी बार

आई-बाबा डोंबिवलीहून आलेत तीन महिन्यांसाठी. जुलै महिना, बे एरियात पावसाचा थेंब नाही, आणि आईचं रोज सकाळी तेच, तिकडे धो धो पडतोय नि आपण इथे कोरडे. म्हटलं चला, पाऊस दाखवतो. घेऊन गेलो नॉब हिलवरच्या फेअरमाँट हॉटेलात, टोंगा रूममध्ये. हा टिकी बार, म्हणजे पॅसिफिक बेटांसारखा सजवलेला रमच्या कॉकटेलांचा बार.

तर ही जागा म्हणजे मुळात १९२९ चा हॉटेलचा स्विमिंग पूल. १९४५ मध्ये एमजीएम स्टुडिओच्या सेट बनवणाऱ्या माणसाला बोलावून त्याचा सरोवर करून टाकला, भोवती झोपड्या, आणि बँड चक्क तराफ्यावर, पाण्याच्या मधोमध. थोड्या थोड्या वेळाने ढग गडगडतात, विजा चमकतात आणि छतातून पाण्यात पाऊस पडतो. आपण कोरडेच, झोपडीखाली. आई पहिल्यांदा दचकली, मग हसत सुटली, म्हणे पावसासाठी पैसे मोजतात होय रे इथे! पण दुसऱ्या वेळी पाऊस आला तेव्हा बोलणं थांबवून नुसती बघत बसली होती. २००९ च्या सुमारास हे सगळं पाडून फ्लॅट करायचा बेत होता, लोकांनी आरडाओरडा केला म्हणून वाचलं. बरं झालं. (बँडच्या वेळेला कव्हर चार्ज असतो, तो धरून चला.)

बाबांनी मेनू उघडला आणि माय ताय या कॉकटेलचं नाव मोठ्याने वाचलं, "माय ताई." मग आईकडे बघून, "दोघी एकाच ग्लासात?" शेजारच्या टेबलावर कोणाला मराठी येत नव्हतं ते नशीब.

आता माय तायचं सांगतो, कारण इथेच सगळे फसतात. आमच्या घराजवळच्या एका बारात (नाव घेत नाही) मला माय ताय म्हणून अननसाचा ज्यूस आणि वर एक छत्री दिली होती. खरी, म्हणजे १९४४ ला ओकलंडमध्ये ट्रेडर विक म्हणजे व्हिक्टर बर्जरॉनने केली त्यात अननस नाहीच. जुनी जमैकन रम, लिंबू, क्युरासाओ (संत्र्याची गोड दारू), बदामाचं सरबत आणि थोडा साखरेचा पाक, बस. नाव ताहितीच्या भाषेतलं, अर्थ साधारण 'झकास'.

ती तशी प्यायची तर दुसऱ्या बारात जा, गॉफ स्ट्रीटवर स्मगलर्स कोव्ह. २००९ मध्ये मार्टिन केट या माणसाने काढला. बाहेरून काही कळत नाही, लोक रांगेत उभे दिसले की समजायचं हाच. आत तीन मजले, अंधार, धबधबा, नांगर, दोरखंड आणि रमच्या बाटल्यांची भिंतच्या भिंत. बाबा आयुष्यभर ओल्ड मंकवाले, त्या भिंतीकडे सिद्धिविनायकाला बघावं तसे बघत होते. माय तायचा घोट घेतला आणि म्हणाले अरे ही तर थंडाईच्या वळणाची आहे. बदाम ओळखला बरोबर!

हे असलं काटेकोर मिश्रण आज मिळतंय त्यामागे मेहनत आहे बरं. १९३३ ला हॉलिवूडमध्ये डॉन द बीचकोंबर नावाच्या बारवाल्याने टिकी बारचा हा प्रकार सुरू केला, तो इतका संशयी की बाटल्यांवर नावांऐवजी आकडे, म्हणजे बारटेंडरलाही कळू नये आपण काय ओततोय. आपल्या आज्या गोड्या मसाल्याचं प्रमाण सुनेला सांगत नाहीत, तसंच. पुढे १९७० च्या दशकापर्यंत फॅशन गेली आणि रेसिपीही गेल्या. मग जेफ बेरी नावाच्या माणसाने वर्षानुवर्षं म्हाताऱ्या बारटेंडरांच्या मागे लागून त्या उकलल्या, झोंबी या कॉकटेलची तर एका जुन्या कर्मचाऱ्याच्या १९३७ च्या वहीतून. या वहीवाल्या लोकांमुळेच टिकी परत आलं असं माझं मत, हवाईयन शर्टवाल्यांमुळे नाही.

आणि संगीत! टोंगा रूमचा बँड नाचायची पॉप गाणी वाजवतो, तीही मजा आहे, पण मला स्मगलर्स कोव्हमधलं जास्त आवडलं. स्पीकरवर मार्टिन डेनी. हा न्यू यॉर्कचा पियानोवाला होनोलुलूच्या हॉटेलात वाजवायचा, बाजूच्या तळ्यात बेडूक ओरडायचे, वादकांनी गंमत म्हणून पक्ष्यांचे आवाज काढले आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक म्हणे ते बेडूकवालं परत वाजवा. त्यातून १९५७ ची 'एक्झोटिका' रेकॉर्ड, जी १९५९ ला अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेली. व्हायब्राफोन, बाँगो, मध्येच पोपट. हे बेट कुठलं? कुठलंच नाही. आपल्या जुन्या सिनेमात हिरोला खांबाला बांधून भोवती भालेवाले झिंगालाला करतात ते जंगल जसं वांद्र्याच्या स्टुडिओतलं, तसंच हे, फक्त जास्त मऊ, हनिमूनवालं. खोटं आहे हे माहीत असून मी ते गाडीत रोज ऐकतो.

आईने मात्र समोरचा मग उचलला, लाकडी मूर्तीसारखा चेहरा कोरलेला, आणि विचारलं, "हा कोणाचा तरी देव असणार ना रे?" मी सांगितलं की माओरींमध्ये टिकी म्हणजे पहिला माणूस, तिकडच्या बेटांवर अशा मूर्ती पूर्वजांच्या असतात. ती म्हणाली मग आपला खंडोबाचा टाक कोणी असा केला तर. हल्ली काही नवीन बारवाले टिकी शब्द टाळून नुसतं ट्रॉपिकल म्हणतात ते यासाठीच. मला उत्तर सुचलं नाही. तिने तिचं बिनदारूचं सरबत साध्या ग्लासात ओतून घेतलं आणि तो मग बाजूला सरकवला, तोंड भिंतीकडे न करता, सरळ.

स्मगलर्स कोव्हला जाणार असाल तर पाचच्या सुमारास जा, रांग कमी असते. आणि पासपोर्ट न्या, दारावर वयाचा पुरावा मागतात. बाबांना अडुसष्टाव्या वर्षी मागितला, तेव्हापासून डोंबिवलीच्या सगळ्या ग्रुपवर तेच चालू आहे.